चित्रांचे पुस्तक कोणत्या तासाला उघडायचे?

नवी मुंबईतील एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून काम करते. समितीच्या गेल्या बैठकीत एक साधा ठराव चर्चेला आला होता. ग्रंथालयाच्या अनुदानातून आणि काही पालकांच्या देणगीतून तिसरी-चौथीसाठी चित्रपुस्तके घ्यावीत आणि ती वाचनाच्या तासापुरती न ठेवता गणित, परिसर अभ्यास आणि इतिहास शिकवतानाही वापरावीत, असा तो ठराव होता. त्यावर तासभर वाद झाला. एका पालकांचे म्हणणे असे, की चौथीच्या मुलांपुढे चित्रांची पुस्तके ठेवणे म्हणजे त्यांना पुन्हा बालवाडीत पाठवणे. त्यापेक्षा त्या पैशांत सराव-पुस्तिका घ्याव्यात. ठरावाच्या बाजूने बोलणारे त्यांना उत्तर देत राहिले, की वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे, मुले मोबाइलमध्ये अडकली आहेत आणि रंगीत चित्रांमुळे त्यांना पुस्तकांची गोडी लागेल. हे सारे ऐकताना माझ्या लक्षात आले, की दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर नकळत एकमत आहे. दोघांच्याही मते चित्र म्हणजे खाऊ. एक बाजू म्हणते, मुले मोठी झाली, आता खाऊ बंद करा. दुसरी म्हणते, औषध कडू आहे, थोडा खाऊ द्या. चित्र पाहणे हे स्वतःच विचार करण्याचे काम आहे, ही शक्यता त्या तासाभरात कोणी मांडलीच नाही.

माझे मत मी आरंभीच सांगते. चित्रपुस्तकाची जागा पहिली ते पाचवीच्या विषयांच्या तासांत आहे, आणि ती गोडी लावण्यासाठी नव्हे, तर त्या विषयांत मुलांना जे नेमके जमत नाही ते जमवण्यासाठी आहे. मुलांना जमत नाही ते म्हणजे समोर असलेल्या दोन गोष्टी जुळवून तिसरी, न सांगितलेली गोष्ट ओळखणे. गणितातले शाब्दिक उदाहरण, परिसर अभ्यासातले निरीक्षण, इतिहासातला पुरावा आणि भाषेतला उतारा, या चारही ठिकाणी हीच क्षमता लागते, आणि चांगले चित्रपुस्तक प्रत्येक पानावर तिचा सराव घडवते.

हे पटण्यासाठी आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सगळे अंकलिपीवर वाढलो. 'ग गणपतीचा' असे लिहिलेले असते आणि शेजारी गणपती असतो. 'ण बाणाचा' असे लिहिलेले असते आणि शेजारी बाण असतो. तिथे चित्र अक्षराच्या सेवेला उभे असते. अक्षर लक्षात राहिले की चित्राचे काम संपते. पाठ्यपुस्तकातली बहुतांश चित्रेही याच घराण्यातली. मजकुरात 'शेतकरी नांगरतो' असे असेल, तर वर नांगरणारा शेतकरी असतो. हे चित्र झाकले तरी पाठाचे काहीही अडत नाही. चित्रपुस्तकात मात्र चित्र झाकले तर गोष्टच उरत नाही. मजकूर एक सांगतो, चित्र दुसरे सांगते, आणि कधीकधी चित्र मजकुराला खोटेही पाडते. अर्थ या दोहोंच्या मधल्या जागेत असतो आणि ती जागा मुलाने स्वतः भरायची असते. ज्या पालकांना चित्रे म्हणजे बालवाडी वाटते, त्यांच्या डोळ्यांपुढे अंकलिपी असते. त्यात त्यांचा दोष नाही. दुसरे काही त्यांना कोणी दाखवलेच नाही.

घणसोलीतील तिसरीच्या एका वर्गात मी आठवड्यातून दोनदा जाते. तिथे आम्ही एक चित्रपुस्तक वाचले. मजकूर अगदी थोडा होता. एका मुलीची शेळी हरवते, ती तिला शोधत गावभर फिरते, शेवटी शेळी सापडते, एवढीच गोष्ट. मी पुस्तक मोठ्याने वाचले, पाने दाखवली, आणि काहीही न विचारता पुन्हा पहिल्यापासून वाचले. दुसऱ्या वाचनात एक मुलगी म्हणाली, "बाई, विहिरीच्या पायऱ्या वाढत चालल्यात." मजकुरात विहिरीचा उल्लेख नव्हता. ती प्रत्येक चित्राच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात काढलेली होती. लगेच दुसरा मुलगा म्हणाला, की पायऱ्या कशा वाढतील, त्या आधीपासून होत्याच, पाणी खाली गेले आहे. मग सगळा वर्ग पाने उलटून पायऱ्या मोजू लागला. पहिल्या चित्रात चार पायऱ्या कोरड्या, नंतर सहा, नंतर नऊ, नंतर तेरा. म्हणजे आधी दोनने वाढ, मग तीनने, मग चारने. पाणी नुसते कमी होत नव्हते, ते अधिकाधिक वेगाने कमी होत होते. का? ऊन वाढले म्हणून, असे काहींचे मत पडले. एकाने वाटेवर उभा असलेला टँकर दाखवला. ज्या मुलीने पायऱ्या पहिल्यांदा पाहिल्या होत्या, तिचे आई-वडील मराठवाड्यातून कामासाठी इकडे आले आहेत. ती म्हणाली, की शेळी हरवली नव्हती, ती पाणी शोधायला गेली होती. आम्ही शेवटचे पान उघडले. शेळी जिथे सापडते तिथे खडकातल्या खळग्यात थोडे पाणी होते.

आता या तासाला कोणत्या विषयाचा तास म्हणायचे? वजाबाकी झाली, संख्यांच्या क्रमातला बदल मुलांनी ओळखला, भूजलाविषयी बोलणे झाले, कारण आणि परिणाम जोडले गेले, आणि एका पात्राच्या वागण्याचा मजकुरात नसलेला हेतू चित्रातल्या पुराव्यावरून सिद्ध करण्यात आला. यातले काहीही मी वरून चिकटवलेले नव्हते. ते पुस्तकातच होते आणि मुलांनी ते शोधून काढले. याच वर्गात शाब्दिक उदाहरणे सोडवताना काय होते, तेही मी पाहिले आहे. मुले गोष्ट वाचतच नाहीत, शब्द हुडकतात. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की भागाकार. उदाहरणात 'रमेशकडे १२ गोट्या उरल्या, त्याने ५ हरवल्या होत्या, तर आधी किती होत्या?' असे विचारले, की निम्मा वर्ग ७ लिहितो. त्यांना बेरीज येत नाही असे नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे रमेशच उभा राहिलेला नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली मांडले होते, की ज्ञान मनात तीन रूपांत साठवले जाते: कृतीतून, प्रतिमेतून आणि चिन्हांतून. आपल्या शाळा मण्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारतात आणि मधली पायरी गाळतात. मग सराव-पुस्तिकेत अशी दोनशे उदाहरणे सोडवून घेतली, तरी शब्द हुडकण्याचाच सराव पक्का होणार नाही का?

चित्रांच्या आधारे विविध विषय शिकवणे हे काही परदेशी, नव्या धोरणाबरोबर आलेले खूळ आहे, असेही त्या बैठकीत कोणी म्हणाले. यात इतिहासाचे अज्ञान आहे. सतराव्या शतकात युरोपातील शाळांतून मुलांकडून लॅटिन शब्दांच्या याद्या घोकून घेतल्या जात असताना मोराव्हियाच्या कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे पुस्तक छापले. त्यात दीडशे प्रकरणे होती, प्रत्येकावर एक चित्र होते, आणि चित्रातल्या वस्तूंना दिलेले क्रमांक मजकुरातल्या शब्दांशी जुळवलेले होते. आकाश, अग्नी, शेती, सुतारकाम, शरीर, धर्म, नगररचना, असे सारे त्या एका पुस्तकात होते. त्याचा आग्रह असा, की शब्दाआधी वस्तू दिसली पाहिजे. त्यालाही त्या काळी पंतोजींनी 'हे पोरखेळ आहेत' असे म्हटले असेल, तर मला नवल वाटणार नाही. आणि आपल्याकडे तर याहून सरस परंपरा आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गातात, आणि चित्रांच्या त्या संचाला ते 'पोथी' म्हणतात. अक्षरे नसलेल्या चित्रांच्या चळतीला पोथी म्हणणाऱ्या समाजाला चित्र वाचता येते हे सांगायची गरज नव्हती. ती पोथी ऐकायला बसणारे श्रोते मोठी माणसे होती. चित्र हे लहानग्यांपुरते असते, ही कल्पना छापील क्रमिक पुस्तकांनी आपल्या मनात रुजवली.

आपल्या ठाणे जिल्ह्याचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो, परंतु तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढचा प्रश्न असा होता, की वारली मुले शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच पाड्यांवर नेली, अंगणात भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवली. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंची साधने केली. ज्या मुलांच्या घरच्या कुडाच्या भिंतींवर लग्नातले चौक, तारप्याचा नाच आणि भाताची लावणी पांढऱ्या रेषांत रंगवलेली असे, त्या मुलांना चित्रावरून गोष्ट सांगता येत नव्हती, असे कोण म्हणेल? शाळेने मात्र त्यांना निरक्षर म्हटले आणि त्यांना येत असलेले वाचन मोजलेच नाही.

आता विरोधी बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येते. तो असा: मुलांना अक्षरे जोडून वाचता येत नसताना चित्रे कसली दाखवता? 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीतल्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरांतली परिस्थिती आकड्यांनी वेगळी असेल, पण आमच्या तुर्भे-दिघ्याच्या शाळांत शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही. या मुद्द्याला आणखी एक धार आहे. चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधण्याची सवय लागली, तर मूल अक्षरांकडे पाहतच नाही. चित्रात घोडा आहे म्हणून 'अश्व' हा शब्द 'घोडा' असा वाचणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे पालक 'वाचतो की छान' असे म्हणतात. ही सवय घातक आहे, आणि चित्रपुस्तकांच्या उत्साही समर्थकांनी याकडे डोळेझाक केली आहे, हे मला मान्य करावेच लागेल.

पण यावरून काय सिद्ध होते? वाचायला शिकवण्यासाठी चित्रांचा आधार घेऊ नये, एवढेच. मराठी लिपी त्या बाबतीत उदार आहे. मूळ वर्ण, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरांची रीत एकदा पक्की झाली, की कोणताही शब्द वाचता येतो. तिथे अंदाजाची गरजच नाही. तो भाग पद्धतशीरपणे, रोज, क्रमाने शिकवलाच पाहिजे आणि त्या तासाला चित्रपुस्तक मिटलेले असावे. परंतु गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे जे सूत्र मांडले, ते इथे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या मते वाचन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंतले एक शून्य असले, की उत्तर शून्य. आपण अक्षरे शिकेपर्यंत आकलनाला थांबवून ठेवतो. ज्या मुलाच्या घरी भोजपुरी, कन्नड, वडारी किंवा आगरी बोलली जाते, त्याला चौथीत 'बाष्पीभवन', 'सीमा', 'तह', 'उतार' हे शब्द अडखळत का होईना वाचता येतात, पण त्यांच्यामागे काहीच दिसत नाही. शिक्षक मोठ्याने वाचत असताना, चित्र समोर असताना, अजून वाचता न येणारे मूलसुद्धा त्या वयाला साजेसा विचार करू शकते. वाचनात मागे पडलेल्या मुलाला विचारातही मागे ठेवायचे, हा दुहेरी अन्याय कशासाठी?

दुसरा आक्षेप असा, की सगळे विषय गोष्टीत मिसळले की प्रत्येक विषय पातळ होतो. हा आक्षेपही पोकळ नाही. पाढे गोष्टीने पाठ होत नाहीत, भागाकाराची रीत सरावानेच बसते, आणि बाजाराचे सुंदर चित्र पाहून कोणालाही हातच्याची बेरीज आपोआप येत नाही. एकात्मतेच्या नावाखाली काय घडू शकते, ते महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून प्रत्येक भागात सर्व विषय एकत्र बांधण्यात आले आणि पाठांमागे नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. कोरी पाने रद्द करण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये घ्यावा लागला. दप्तराचे ओझे कमी करणे हा हेतू चांगलाच होता. पण मराठीच्या धड्यानंतर गणिताचा धडा एकाच पुठ्ठ्यात शिवला, म्हणून ते दोन विषय मुलाच्या डोक्यात एकमेकांशी बोलू लागत नाहीत. ते बोलू लागतात ते एखाद्या प्रश्नामुळे. विहिरीचे पाणी का आटले, हा प्रश्न पडला की वजाबाकी लागते आणि भूगोलही लागतो. रीत शिकवण्याचे तास कमी करू नका, असे मीही म्हणते. ती रीत कशासाठी हवी, हे कळण्याचे तास आठवड्यातून दोन तरी असू द्या, एवढीच माझी मागणी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रोचक वाटतो. चित्रपुस्तकांत शास्त्रीय चुका असतात, म्हणून विज्ञानाच्या तासाला ती नकोत. चुका असतात हे खरे आहे. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या, जगभर पोहोचलेल्या सुरवंटाच्या पुस्तकात फुलपाखरू ज्या आवरणातून बाहेर येते त्याला वापरलेला इंग्रजी शब्द पतंगाच्या रेशमी आवरणाचा आहे. फुलपाखराचा सुरवंट सहसा तसे धाग्यांचे घर विणत नाही, तो शेवटची कात टाकतो आणि आतले कठीण कवच उघडे पडते. गंमत अशी, की मराठीत आपण दोन्हींना 'कोष'च म्हणतो, त्यामुळे भाषांतरात ही चूक दिसेनाशी होते. आता याचे काय करायचे? पुस्तक कपाटात कुलूपबंद करायचे, की कढीपत्त्याच्या झाडावरचा सुरवंट बरणीत ठेवून, तो काय करतो हे आठवडाभर पाहून, पुस्तक बरोबर आहे की चूक हे मुलांनाच ठरवू द्यायचे? छापलेले सगळे खरे नसते, ते तपासता येते, हे चौथीतल्या मुलाला एकदा कळले, तर त्याहून मोठा विज्ञानाचा धडा कोणता? पाठ्यपुस्तकाबाबत हे करणे अवघड जाते, कारण परीक्षेत तेच लिहायचे असते. चित्रपुस्तकाला ती सत्ता नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येतो.

शिक्षकांच्या वेळेचा आणि पैशांचा मुद्दा मी थोडक्यात संपवते, कारण तो खरा आहे पण निर्णायक नाही. सर्वेक्षणे, निवडणुकांची कामे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकांचे दिवस जातात, आणि चाळीस मुलांच्या वर्गाला एक छोटे पुस्तक दाखवणे कठीण असते. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात. तेवढ्यात कपाट भरत नाही. पण आम्हाला कपाट भरायचेच नाही. वर्षभरात दहा-बारा नीट निवडलेली पुस्तके, प्रत्येकी दोन-तीन प्रती, पुरतात, कारण एकच पुस्तक चारपाच वेळा वाचायचे असते. ज्या वर्गात मोठा पडदा आहे, तिथे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची खुल्या परवान्याची मराठी पुस्तके विनामूल्य दाखवता येतात. २०२० मध्ये शाळा बंद असताना 'गोष्टींचा शनिवार' या उपक्रमातून ती घरोघरी पोहोचलीही होती. मात्र त्या उपक्रमाच्या नावातच आपली वृत्ती दिसते, असे मला वाटते. गोष्ट शनिवारी, सोमवार ते शुक्रवार अभ्यास.

आणि आता माझ्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द. चित्रपुस्तक विषयांच्या तासाला न्या म्हटले, की काही उत्साही शाळा लगेच पुस्तकामागे प्रश्नावली जोडतात. चित्रात किती झाडे आहेत? त्यांपैकी किती हिरवी? या गोष्टीतून कोणता बोध मिळाला? पाच वाक्ये लिहा. मी एका ठिकाणी असा वर्ग पाहिला, जिथे मुलांनी पुस्तक पूर्ण ऐकण्याआधीच त्यांच्या हातात भरायचा कागद देण्यात आला होता, आणि मुले चित्राकडे न पाहता कागदातल्या रिकाम्या जागांकडे पाहत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण पुस्तक उत्तम होते. विहिरीच्या पायऱ्या मीच मोजायला सांगितल्या असत्या, तर मुलांनी त्या मोजल्या असत्या, चार-सहा-नऊ-तेरा असे लिहिलेही असते, आणि शेळी पाणी शोधायला गेली हे त्या मुलीने कधीच सांगितले नसते. पहिले वाचन पूर्ण, विनाप्रश्न आणि गोष्ट म्हणूनच व्हायला हवे. दुसऱ्या वाचनात मुलांनी काय पाहिले ते ऐकायचे. शिक्षकाचा प्रश्न तिसऱ्या वाचनात, आणि तोही शक्यतो एकच: "हे तुला कशावरून वाटले?" उत्तरासाठी मुलाला पानावर बोट ठेवावे लागते. इतिहासकार कागदपत्रावर बोट ठेवतो, तसेच.

खरी उणीव दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल कोणी भांडत नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांनी आणि ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, तुलिका यांसारख्या प्रकाशनांनी उत्तम काम केले आहे. तरीही आमच्या मुलांना स्वतःचा परिसर दिसेल अशी पुस्तके फार थोडी. ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या मुलाला ते गुलाबी ठिपके दिसतात, पण गुलाबीपणा त्यांच्या अन्नातून, शेवाळातल्या रंगद्रव्यांतून येतो, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर त्यांचे जेवण ठरते, आणि तिवरांच्या मुळ्या चिखलातून वर श्वास घ्यायला येतात, हे सांगणारे चित्रपुस्तक त्याच्या वर्गात नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ आहे. ३४ किलोमीटरच्या त्या वाटेवर रुळांलगत कोण उभे होते, मिठागरांत काम करणाऱ्यांनी ते धूर सोडणारे यंत्र पाहून काय केले असेल, चेंदणी कोळीवाड्यातून ती कशी दिसली असेल, हे चित्रात पाहायला मिळाले, तर त्या तारखेला मुलाच्या मनात जागा मिळेल. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नसावी, यावर राज्य ढवळून निघाले आणि जूनअखेर शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. तो वाद महत्त्वाचा होता. पण पहिलीतल्या मुलाच्या हातात मराठीतच वाचण्यासारखे काय आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणत्या व्यासपीठावरून विचारला गेला?

ही पुस्तके बाहेरून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. घणसोलीच्या त्याच वर्गाने गेल्या हिवाळ्यात सोळा पानांचे एक पुस्तक स्वतः केले. खाडीकाठच्या एका मुलाने आपल्या आजोबांकडून निवट्यांविषयी, म्हणजे चिखलात उड्या मारणाऱ्या माशांविषयी, आणि चिंबोऱ्यांच्या बिळांविषयी माहिती आणली. भरतीच्या वेळा मुलांनी आठ दिवस फळ्यावर लिहून ठेवल्या आणि भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यांच्या ध्यानात आले. मजकुरात काय लिहायचे आणि काय केवळ चित्रात ठेवायचे, यावर वर्गात भांडण झाले. एका मुलाचे म्हणणे होते, की पाणी चढते आहे हे लिहायचे नाही, फक्त होडी थोडी थोडी वर काढायची; ज्याला कळेल त्याला कळेल.

ते पुस्तक मी पुढच्या बैठकीला घेऊन जाणार आहे. ज्या पालकांनी ठरावाला विरोध केला त्यांचा मुलगा त्याच वर्गात आहे, आणि होडी त्याने काढलेली आहे. सराव-पुस्तिकांचा त्यांचा आग्रह मुलाच्या काळजीपोटी आहे, हे मी जाणते; शिष्यवृत्ती परीक्षा त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मी त्यांना एवढीच विनंती करणार आहे, की त्यांनी समितीसमोर ते पुस्तक उघडावे आणि कितव्या पानावर ओहोटी सुरू होते ते आम्हाला सांगावे. त्यानंतर ठराव मताला टाकू.